फक्त एक सही

आमच्या गल्लीच्या टोकाला माई राहतात. वय सहासष्ट. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एका दुकानात कामाला, सून शिवणकाम करते, आणि माई अजूनही दोन घरच्या पोळ्या लाटतात. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. मला वाटलं, नातीचा निकाल लागला असेल. पण पुडा भाच्यानं आणला होता. चार वर्षांनी तो आत्याकडे आला होता, पेढे घेऊन आणि सोबत एक कागद घेऊन.

"वहिनी, तेवढा वाचून सांगा. तो म्हणतो, बाकी काही नाही आत्या, फक्त एक सही."

कागद स्टॅम्पपेपरवर होता. वरच्या ओळीत ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'हक्कसोड पत्र'. माईंच्या माहेरची जमीन भाचा विकायला काढतोय, आणि तिच्यावर आत्यांचा काही हक्क नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं होतं. मी विचारलं, "माई, तुमचं नाव आहे का सातबाऱ्यावर?" त्या म्हणाल्या, "नाही गं. दादा होता तेव्हाच म्हणाला होता, तुमची नावं कधीच नव्हती."

नाव कधीच नव्हतं, तर मग सही कशाला? या एका प्रश्नापायी आम्ही दोघी पुढचे आठ महिने तलाठी कार्यालय, तहसील आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होतो. त्यातून जे शिकले ते आज लिहिते आहे, कारण मंडळाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा बावीसपैकी एकोणीस जणींनी आपल्या माहेरचा सातबारा जन्मात पाहिलेला नव्हता. त्यात मीही आले.

पहिली पायरी सोपी आहे. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक काय. सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून तो पाहता येतो, आणि गट नंबर माहीत नसेल तर नुसत्या नावावरूनही शोधता येतो. तो फुकटचा उतारा फक्त बघण्यापुरता. कामासाठी डिजिटल सहीचा उतारा लागतो, त्याला पंधरा रुपये पडतात. मोबाइलवर जमत नसेल तर सेवा केंद्रातला मुलगा काढून देतो. सोबत 'आठ अ' म्हणजे खात्याचा उतारा घ्यावा, कारण त्या माणसाच्या नावावर त्या गावात आणखी कुठकुठले गट आहेत ते त्यात दिसतं. माईंना एकाच मळ्याची आठवण होती. आठ अ काढला तर तीन गट निघाले.

सातबारा हातात आला की आपण फक्त मोठ्या अक्षरातलं नाव वाचतो आणि घडी घालून ठेवतो. खरी गंमत त्या नावाशेजारच्या छोट्या आकड्यात असते. तो फेरफाराचा नंबर. जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला, म्हणजे वडील वारले, विक्री झाली, वाटणी झाली, कर्ज काढलं, की त्याची नोंद गावनमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते, आणि तो नंबर सातबाऱ्यावर येतो. हा बदल का झाला, कुणाच्या सांगण्यावरून झाला, कुठला कागद पाहून झाला, हे सगळं फेरफारात लिहिलेलं असतं. एक फेरफार काढला की त्यात मागच्याचा धागा सापडतो. उसवलेला स्वेटर धागा धरून उलगडत जावा तसं मागे मागे जायचं.

काही खुणा मला एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी समजावून सांगितल्या. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ज्या नावाला कंस केलेला असतो, ते नाव कमी झालेलं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं असलं तरी तो सगळ्यांच्या वतीनं. 'अ.पा.क.' म्हणजे वारस अज्ञान असताना त्यांचा पालनकर्ता, बहुधा आई. आणि उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना. त्यात सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, विहिरीतला हिस्सा असं काहीबाही असतं, आणि कित्येक ठिकाणी, बायांनो, बहिणींची नावंही तिथेच असतात. वडील गेल्यावर मुलगे कब्जेदार सदरी आणि मुली 'इतर हक्कात', असा रिवाजच पडला होता. जणू लेकीही एक बोजाच.

माईंचे वडील १९८३ साली वारले. त्या वेळचा वारसाचा फेरफार आम्ही तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढला. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल मागायची. "आठवड्यानं या," असं ऐकायला मिळतं. तसं चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी मी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन तिथल्या बाकावरच बसले, तेव्हा नक्कल मिळाली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : मयत खातेदारास वारस मुलगा एक, मुली दोन. मुलाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून, आणि माई व त्यांची धाकटी बहीण यांची नावं इतर हक्कात.

माईंनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. "म्हणजे होतं की नाव!" एवढंच बोलल्या.

मग ते गेलं कुठे? त्यासाठी १९९७ सालचा फेरफार लागला. तो मिळायला आणखी दीड महिना गेला, कारण आम्ही गट नंबर सांगत होतो आणि काही जुने कागद सर्व्हे नंबरावर लावलेले होते. ही एक मेख लक्षात ठेवा. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडले गेले, कुठे आधी, कुठे नंतर. त्या वेळी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या सर्व्हे नंबराचा नवा गट कुठला, हे एकत्रीकरणाच्या तक्त्यात मिळतं. तो भूमी अभिलेख कार्यालयात मागायचा. आजोबांच्या काळापर्यंत जायचं असेल तर मोडीतले कागदही निघतात, आणि मग मोडी वाचणारा शोधावा लागतो. बी.ए.ला माझा इतिहास होता, मोडीचा एक वर्गही मी अर्धा केला होता. तो पुरा केला असता तर आज उपयोगी पडला असता! बऱ्याच जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. आमचा मात्र तिथे धूसर आला, एक कडा कापलेली, म्हणून प्रत्यक्ष जावं लागलं.

१९९७ च्या त्या फेरफारात तीन ओळी होत्या. 'खातेदार यांनी वर्दी दिली, बहिणींनी जबाब देऊन आपला हक्क भावाच्या लाभात सोडला, सबब इतर हक्कातील नावे कमी केली.' खाली मंजुरी. संपलं. चौदा वर्षांचं नाव तीन ओळींत गेलं.

यात काय नाही ते बघायला मला त्या निवृत्त साहेबांनीच शिकवलं. दस्त क्रमांक नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर ते हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम सतरा तेच सांगतं. नोंदवलेल्या दस्ताच्या आधारे फेरफार झाला असेल तर त्यात दस्ताचा नंबर आणि तारीख लिहिलेली असते. नुसत्या वर्दीवर आणि जबाबावर नाव कमी झालं असेल तर तिथे थांबून विचारावं.

तरी खात्री करायची म्हणून आम्ही रजिस्ट्रार ऑफिसात शोध घेतला. यालाच वकील लोक 'सर्च' म्हणतात. बँक कर्ज देताना तीस वर्षांचा मागते, तोच. मला वाटायचं ती वकिलांचीच कामगिरी. तसं नाही. स्थावर मालमत्तेच्या नोंदीचं पुस्तक आणि त्याच्या सूच्या फी भरून कुणालाही पाहता येतात, हे त्याच कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमात आहे. मृत्युपत्राच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी, ते असं उघडं नसतं. सूची क्रमांक एक माणसांच्या नावांची, सूची क्रमांक दोन मालमत्तेची. ऑफिसातले सगळे तिला 'इंडेक्स टू'च म्हणतात. तिच्यात देणारा, घेणारा, जमिनीचं वर्णन, मोबदला, दस्ताचा नंबर आणि तारीख एका पानावर मिळते. संगणकावर नोंदणी सुरू झाल्यापासूनचं बरंचसं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं : वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकायचा. एका वेळी एकच वर्ष. दस्ताचे नंबर दर वर्षी, दर कार्यालयात नव्यानं सुरू होतात, त्यामुळे नुसता दस्त नंबर कळून भागत नाही, वर्ष आणि कार्यालयही लागतं. त्याआधीच्या काळासाठी कार्यालयातल्या जाड वह्या.

आम्ही १९९६, ९७ आणि ९८ अशा तीन वर्षांच्या वह्या पाहिल्या. धुळीनं माझं नाक तीन दिवस वाहत होतं. माई चष्मा पुसून पुसून बोट फिरवत होत्या. त्या सातवीपर्यंत शिकल्यात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि तिथे एक अडचण आली जी पुरुषांना कधी येत नाही. माईंना शोधायचं कुठल्या नावानं? माहेरचं नाव वेगळं, सासरी बदललेलं वेगळं, वडिलांचं नाव लावून वेगळं, नवऱ्याचं लावून वेगळं, आडनावं दोन. एका बाईसाठी चार नोंदी शोधायच्या! धाकटीच्याही चार. मी म्हणून सांगते, नावाच्या सूचीवर विसंबू नका. आधी गट नंबर, सर्व्हे नंबर यावरून शोधा आणि मग नावं पडताळा.

तीनही वर्षांत त्या जमिनीचं हक्कसोड पत्र निघालं नाही. सापडलं नाही म्हणून आनंद होण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

भाच्याचे पेढे का आले, ते आता कळलं. विकत घेणाऱ्याच्या वकिलानंही हाच सर्च घेतला असणार, १९९७ ची जागा रिकामी पाहिली असणार, आणि सांगितलं असणार की आत्यांची नोंदवलेली सही आणा.

त्याच दिवसांत एका रात्री मी सहज म्हणून माझ्या माहेरचं गाव त्या संकेतस्थळावर टाकलं. वर्ष घातलं २००९. तिसऱ्याच ओळीत माझं नाव, 'लिहून देणार' या रकान्यात. भावानं बोलावलं होतं, मी गेले होते, साक्षीदार होते, अंगठ्याचे ठसे घेतले, फोटो काढला, नंतर सगळ्यांनी भेळ खाल्ली. वहिनीनं साडी दिली. कागद मी वाचला नव्हता. माझं हक्कसोड रीतसर नोंदवलेलं आहे आणि माझा भाऊ वाईट नाही, तक्रार नाही माझी. पण त्या एका पानावर मी किती गुंठे सोडले ते मला सोळा वर्षांनी कळलं. साडी अजून आहे.

असो. माईंचं पुढे सांगते. जबाब दिला म्हणतात, तर तो जबाब बघायला हवा होता. रेकॉर्ड रूममध्ये "सापडत नाही" असं तोंडी उत्तर मिळालं. तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अठ्ठाविसाव्या दिवशी झेरॉक्स आली. जबाबाच्या खाली माईंचं सासरचं नाव होतं, आणि त्यापुढे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'.

माई बराच वेळ त्या काळ्या डागाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लग्नाच्या याद्यांवर सुद्धा सही केलीये. मी कशाला अंगठा देईन?"

कुणाचा अंगठा, हे मी इथे लिहिणार नाही, मला ते माहीतही नाही. दादा आता हयात नाहीत.

कायदा काय म्हणतो हे थोडक्यात, कारण गैरसमज फार आहेत. सातबारा किंवा फेरफार मालकी देत नाही आणि घेतही नाही. तो महसुलासाठीचा कागद आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. म्हणून नाव कमी झालं की हक्क गेला, असं समजू नका. हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण त्या वेळी ज्यांची लग्नं झालेली होती त्या बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना तो मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदवलेल्या दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी, विक्री झाली असेल तर ती तशीच राहते. म्हणूनच तारखा आणि दस्त नंबर शोधायचे. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींचा वारसा कायदा वेगळा आहे, पण कागद शोधायची वाट सगळ्यांना हीच. प्रत्यक्षात हिस्सा किती, ते वकिलालाच विचारा. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते.

चुकीच्या फेरफारावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायची मुदत साठ दिवसांची. माईंची साठ दिवसांच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झालेली. तरी उशीर का झाला हे कारणासह लिहून तो माफ करण्याचा अर्ज सोबत देता येतो. तसा दिलाय. माफ होईलच असं वकीलबाईंनी सांगितलेलं नाही. वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात वेगळा. तो लागला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढे कुणी सर्च घेतला तर त्याला ती दिसते.

ज्यांचं अजून काही बिघडलेलं नाही त्यांनी एवढंच करा. फेरफाराची नोंद झाली की नोटीस गावच्या चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. लेक नांदते दुसऱ्या जिल्ह्यात, चावडी माहेरच्या गावात, कोण वाचणार? आता तीच नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येते. सणावारी माहेरी फोन करतो तसं महिना-पंधरा दिवसांनी तिथे एक नजर टाकावी. तलाठ्याचं नाव कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तलाठी म्हटलं तरी माणूस तोच भेटतो. शेतजमीन नसून शहरातलं घर असेल तर सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, गावठाणातलं असेल तर ग्रामपंचायतीचा आठ नंबर काढायचा. आणि जुन्या कागदाला हौसेनं लॅमिनेशन करू नका. आमच्या मंडळातल्या एकीनं आजोबांचं खरेदीखत करून आणलं, शाई प्लॅस्टिकला चिकटून आली.

या सगळ्यात मला सर्वांत अवघड गेलं ते कागद नव्हे. अपिलाच्या आदल्या रात्री माई आल्या आणि म्हणाल्या, "नको वहिनी. माहेर एकच आहे. तेही तुटेल." मी काही बोलले नाही. मी स्वतः भेळ खाऊन सही केलेली बाई, मी कुणाला काय सांगणार? थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "मला जमीन नकोच होती गं. त्यानं मागितली असती तर मी पेनानं सही करून दिली असती. पण माझ्या नावापुढे तो अंगठा राहायला नको."

सकाळी आठच्या एसटीनं आम्ही गेलो. अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा कारकुनानं माईंच्या पांढऱ्या केसांकडे बघून सवयीनं शाईचं पॅड पुढे सरकवलं. माईंनी ते तसंच मागे सरकवलं आणि माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं.

भाचा दिवाळीला आला नाही. विक्री थांबली आहे, आणि त्यानं एकदा फोन करून "आत्या, बसून मिटवू" असं म्हटलंय. कसं मिटवायचं ते अजून बोलला नाही. पुढची तारीख महिन्याभरानं आहे. धाकटी बहीण सुरतेहून येणार आहे. तिचंही नाव सासरी बदललेलं, त्यामुळे ती आणि फेरफारातली मुलगी एकच हे दाखवायला शाळा सोडल्याचा दाखला लागेल. शाळा गावातलीच होती, रजिस्टर अजून शाळेत आहे म्हणतात. परवा माई आणि मी तिकडे जाणार आहोत.